दावा कुठल्या कोर्टात लावायचा?

मिरजेहून निघून म्हैसाळ मागे टाकलं की थोड्याच वेळात कागवाड लागतं. दुकानांच्या पाट्या कानडी होतात, बसचा रंग बदलतो, पण शेतं तीच, ऊस तोच आणि सोयरीकही तीच. आमच्या तालुक्यात असं घर शोधावं लागेल की ज्यांची एखादी लेक, सून, आत्या किंवा निदान उधारी पलीकडे नाही. मग भांडणंही दोन्हीकडे पसरलेली असणारच. मी मिरजेची. सांगलीच्या कोर्टात दिवाणी दावे आणि चेकच्या केसेस चालवते. सध्या एलएलएम करते आहे आणि त्यासाठी जो विषय घेतलाय तो याच रस्त्यावरचा आहे: एका राज्यातलं भांडण दुसऱ्या राज्यात पोचलं की कोर्ट त्याचं काय करतं.

विषय सांगितला की लोक पहिल्यांदा बेळगावचं विचारतात, नाहीतर कृष्णेच्या पाण्याचं. ते खटले सरकारांचे. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली थेट सर्वोच्च न्यायालयात लावला, कारण घटनेच्या कलम १३१ प्रमाणे दोन राज्यांचा दावा सुरूच तिथे होतो. पाण्याचं प्रकरण आणखी वेगळं. कलम २६२ आणि १९५६ चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा यांनी ते भांडण नेहमीच्या कोर्टांच्या हातातून काढून लवादाकडे दिलं. म्हणून बच्छावत लवाद बसला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मान्यता दिली. २०१९ च्या पुरात ज्यांच्या माजघरात पाणी होतं त्यांना हे आकडे तोंडपाठ आहेत. त्यावर पुष्कळ लिहिलं जातं आणि लिहिलं जायलाच हवं. मी आज लिहिणार आहे ते माणसामाणसांतल्या दाव्यांबद्दल, कारण त्यावर वकिलांच्या खोलीबाहेर कुणीच बोलत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. ‘कोर्ट कुठलं’ हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात पहिल्या काही पानांत उरकलेला असतो. प्रत्यक्षात मात्र निम्मा निकाल तिथेच लागतो. एका तारखेला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, भाडं लागतं, परक्या गावात वकील शोधावा लागतो, भाषा येत नसेल तर कुणाला तरी सोबत न्यावं लागतं. हे सगळं ज्याच्या गळ्यात पडतं तो खरा असूनही तडजोडीला येतो. म्हणजे दावा कुठे चालणार हे ठरवणारं कलम खरं तर हे ठरवत असतं की न्याय मागण्याचा खर्च वादीने सोसायचा की प्रतिवादीने.

मूळ नियम सोपा आहे. जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथे. आजोबांची काही एकरं मिरज तालुक्यात आणि काही अथणी तालुक्यात असतील, तर वाटपाचा दावा दोन्हींपैकी कुठल्याही एका कोर्टात लावता येतो. बाकी पैशाच्या दाव्यांना दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २०: प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा दाव्याचं कारण पूर्णतः वा अंशतः जिथे घडलं तिथे. मराठी दाव्यात एक परिच्छेद ठरलेला असतो, ‘दाव्यास कारण’ अशी सुरुवात असलेला. नवखे ज्युनिअर तो जुन्या दाव्यातून उतरवून काढतात. माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलामुलींना मी हा परिच्छेद सगळ्यात आधी लिहायला लावते. सौदा कुठे ठरला, माल कुठे उचलला, पैसे कुठे द्यायचे होते, त्यातलं काय काय आपल्या हद्दीत घडलं हे तिथे नीट आलं नाही, तर पुढची वीस पानं कितीही चांगली असोत, दावा परत मिळतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या कुठल्याही पेढीवर जा आणि बिलबुक उघडून बघा. वर ‘श्री गणेश प्रसन्न’, खाली हमाली-तोलाईचे रकाने आणि अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ: सर्व वाद सांगली न्यायकक्षेत. हळद देशभरातल्या व्यापाऱ्यांकडे जाते, त्यामुळे ही ओळ म्हणजे आपली ढाल आहे असं पेढीवाल्यांना वाटतं. ती ढाल आहेही, पण अटींवर. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली हाकम सिंग विरुद्ध गॅमन या निकालात सांगितलं की ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही त्याला पक्षकार आपसात ठरवून अधिकार देऊ शकत नाहीत. दोन कोर्टांना अधिकार असेल तर मात्र त्यातलं एक निवडता येतं. पुढे १९८९ मध्ये ए.बी.सी. लॅमिनार्टच्या केसमध्ये करारात खेडा इथल्या न्यायकक्षेचा उल्लेख होता आणि दावा लागला सालेमला. न्यायालय म्हणालं, ‘फक्त खेडा’ असं कुठे लिहिलंय? सालेमचा दावा चालला. आणि २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेसच्या निकालात तेच न्यायालय म्हणालं की ‘फक्त’ हा शब्द नसला तरी एका ठिकाणाचं नाव घेतलं याचा अर्थ बाकीची ठिकाणं वगळली. तिथे जयपूर की कोलकाता असा वाद होता, कोलकाता ठरलं.

तरी पेढीवाल्यांना माझा आग्रह एवढाच असतो की ‘फक्त सांगली’ असं स्पष्ट लिहा आणि त्या ओळीखाली खरेदीदाराची सही घ्या. आपणच छापलेली आणि समोरच्याने कधी न वाचलेली ओळ म्हणजे करार झाला का, हा वाद मग उरतच नाही.

अभ्यास करताना मी सगळ्यात जास्त रमले ती जुन्या संस्थानांच्या काळात. आजचा सांगली जिल्हा स्वातंत्र्याआधी किती तुकड्यांत होता हे आठवून बघा. तासगाव आणि वाळवा हे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातले तालुके. सांगली पटवर्धनांची, मिरजेत थोरली पाती, बुधगावला धाकटी, जतला डफळ्यांचं संस्थान, आटपाडी औंधाकडे. सांगली संस्थानचा मुलूख सलग नव्हताच: मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, बेळगावजवळचं शहापूर आणि पार खाली शिरहट्टी. कायद्याच्या भाषेत संस्थानचं कोर्ट हे ब्रिटिश हिंदुस्थानच्या दृष्टीने परदेशी कोर्ट. म्हणजे सांगलीच्या न्यायाधीशाने दिलेला हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा लेखी आदेश) तासगावात बजावायचा तर सरकारने त्यासाठी अधिसूचना काढलेली असायला हवी, नाहीतर तासगावात त्या हुकूमनाम्याच्या आधारे नवा दावा. आज सायकलवरून जाता येईल एवढ्या अंतरात परदेश!

याच परिस्थितीतून १८९४ चा एक निकाल आला, जो आजही जगभरच्या कोर्टांत सांगितला जातो. पंजाबातल्या फरीदकोट संस्थानच्या राजाचा एक खजिनदार नोकरी सोडून दुसऱ्या संस्थानात राहायला गेला. राजाने नंतर स्वतःच्याच कोर्टात त्याच्यावर पैशाचा दावा लावला. खजिनदार आला नाही, एकतर्फी हुकूमनामा झाला. तो घेऊन राजा लाहोरच्या ब्रिटिश कोर्टात वसुलीसाठी गेला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत पोचलं आणि तिथे सांगितलं गेलं की दाव्याच्या वेळी जो माणूस तुमच्या राज्यात राहत नव्हता आणि जो तुमच्या कोर्टापुढे आपणहून आला नाही, त्याच्यावरचा असा हुकूमनामा बाहेरच्या जगात रद्दी आहे. राजा वादी, कोर्ट राजाचं आणि प्रतिवादी गाव सोडून गेलेला नोकर. ही केस वाचताना मला फार समाधान वाटलं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी ओळखलं होतं की कोर्ट निवडण्याची मोकळीक बलवानाला दिली तर पुढची सगळी प्रक्रिया देखावा ठरते.

राज्यघटना आली आणि कलम २६१ ने सांगितलं की भारताच्या कुठल्याही भागातल्या दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल देशात कुठेही अंमलात आणता येईल. पण जुने हुकूमनामे लगेच शुद्ध झाले नाहीत. ग्वाल्हेरच्या शितोळे सरदारांनी अलाहाबादच्या लोकांविरुद्ध १९४८ साली ग्वाल्हेर कोर्टातून एकतर्फी हुकूमनामा मिळवला होता. घटना लागू झाल्यावर त्यांनी तो अलाहाबादला अंमलबजावणीसाठी नेला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की निकाल दिला तेव्हा ग्वाल्हेर हे परदेशी कोर्ट होतं, आणि कलम २६१ मागच्या तारखेने लागू होत नाही. देश एक झाला, पण त्या कागदाच्या नशिबी पैसा आला नाही.

आता चेककडे येते. या विषयाकडे मी वळले ती चेकमुळेच.

द्राक्षाचा व्यवहार ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. हंगामात परराज्यातला व्यापारी येतो, गावातलाच कुणी दलाल मध्ये असतो, दर ठरतो, बाग दिली जाते. पहिल्या तोडीचे पैसे रोख. विश्वास बसतो. नंतरच्या गाड्या भरून जातात आणि हातात पुढच्या तारखेचा चेक पडतो. औषधवाल्याची उधारी, सोसायटीचं कर्ज, मजुरांचे पैसे सगळं त्या चेकवर थांबलेलं असतं. चेक परत येतो तेव्हा व्यापाऱ्याचा फोन बंद असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या भास्करन निकालापासून न वटलेल्या चेकची फिर्याद पाच ठिकाणांपैकी कुठेही लावता येत असे: चेक दिला तिथे, वटवायला टाकला तिथे, परत आला तिथे, नोटीस पाठवली तिथे, नोटीस मिळूनही पैसे दिले नाहीत तिथे. १ ऑगस्ट २०१४ ला दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला आणि पाचाचं एक झालं. चेक ज्या शाखेवर काढलाय ती शाखा जिथे, तिथेच गुन्हा आणि तिथेच फिर्याद. ज्या केसेसमध्ये आरोपी हजर होऊन पुरावा सुरू झाला होता त्या राहिल्या. बाकीच्या फिर्यादी तक्रारदारांना परत, योग्य कोर्टात लावा म्हणून.

मी तेव्हा ज्युनिअर होते. मणेराजुरीकडचे एक बागायतदार काका ऑफिसला आले होते. बँकेचा मेमो, चेक आणि माल नेल्याच्या कच्च्या चिठ्ठ्या त्यांनी खताच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत घातल्या होत्या. चेक कोइमतूरच्या शाखेचा. आमच्या साहेबांनी त्यांना परत मिळालेली फिर्याद दाखवली आणि आता ती कोइमतूरला लावावी लागेल असं सांगितलं. काका बराच वेळ फक्त कागदाकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, माल माझ्या बागेतनं गेला. चेक माझ्या दारात लिहून दिला. बँक माझी गावातली. मग गुन्हा तिकडं कसा काय घडला?”

कायद्याच्या परीक्षेत या मुद्द्यावर पानं भरतात. काकांनी तो चार वाक्यांत मांडला होता. न्यायालयाचं उत्तर असं होतं की चेक नाकारला जातो तो काढणाऱ्याच्या बँकेत, म्हणून गुन्हा तिथे. आणि या उत्तरामागे एक खरी काळजी होती, तीही सांगितली पाहिजे. मोठ्या वित्त कंपन्या देशभरातल्या कर्जदारांचे चेक एखाद्या महानगरात वटवायला टाकत, तिथूनच नोटीस पाठवत आणि तिथेच फिर्याद लावत. चार हप्ते थकलेला रिक्षावाला हजार मैलांवरच्या कोर्टात हजर कसा राहणार? त्याला वाचवायला जो नियम आला तो मणेराजुरीच्या बागायतदारावर उलटला. कर्जदार दुर्बळ असेल तेव्हा नियम न्याय्य, आणि घेणेकरी दुर्बळ असेल तेव्हा तोच नियम अन्यायाचा. म्हणून मला वाटतं की नियम करताना पक्षकाराचं नाव वादी की प्रतिवादी हे बघून भागत नाही. अंतर कुणाला परवडतं हे बघावं लागतं.

काका कोइमतूरला गेले नाहीत. दलालाला मध्ये घालून निम्म्याहूनही कमी रकमेवर त्यांनी मिटवलं.

संसदेने हे दुरुस्त केलं. १५ जून २०१५ पासून चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १४२ मध्ये भर पडली: तुम्ही चेक स्वतःच्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात फिर्याद. म्हणजे मणेराजुरीच्या शाखेतल्या खात्यात चेक भरला तर केस तासगावला. आणि त्याच माणसाने दिलेल्या बाकीच्या चेकच्या फिर्यादीही मग त्याच कोर्टात. पण एक खाच आहे. चेक खात्यात न भरता थेट त्याच्या बँकेच्या शाखेत नेऊन वटवायचा प्रयत्न केलात, तर केस परत तिकडे. द्राक्षवाल्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं. चेक आपल्या खात्यात, आपल्या गावच्या शाखेत भरायचा. परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस त्याला पैसे द्यायला, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद.

आरोपी हद्दीबाहेर राहत असेल तर मॅजिस्ट्रेटला प्रोसेस (आरोपीला हजर होण्याचा आदेश) काढण्याआधी चौकशी करावी लागते, त्यात थोडा वेळ जातो. तो वेळ जाऊ दे. ही तरतूद उगाच नाही. लांबच्या माणसाला खोट्या केसमध्ये खेचलं जाऊ नये म्हणून आहे.

असं कोर्ट दुर्बळाच्या दाराशी आणणं हे चेकपुरतंच घडलेलं नाही. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला आणि अपघात कुठेही होवो, नुकसानभरपाईचा अर्ज जखमी माणूस किंवा मृताचे वारस स्वतः राहतात तिथे करता येऊ लागला. विजयपूरच्या रस्त्यावर अपघात झालेलं मिरजेचं कुटुंब आज सांगलीत अर्ज करतं. २०२० च्या जुलैपासून ग्राहकालाही स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हे बदल मी एकापाठोपाठ एक मांडून बघते तेव्हा त्यात एक धागा स्पष्ट दिसतो, आणि कुठे तो तुटलाय तेही दिसतं.

तुटलाय तो बायकांच्या केसेसमध्ये, निम्म्या वाटेवर. २००३ मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये भर पडली की पत्नी अर्जदार असेल तर ती राहते त्या ठिकाणी अर्ज करता येईल. पोटगीही तिला राहत्या ठिकाणी मागता येते. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सासरहून हाकललेली बाई जिथे आसऱ्याला आली तिथेही छळाची फिर्याद चालेल, कारण मनावरचा घाव माहेरीही चालूच असतो. इथवर छान. पण नवऱ्याने आधीच अथणीला घटस्फोटाचा अर्ज लावला असेल तर? लग्न तिकडे झालं, नांदणं तिकडे झालं, त्यामुळे अथणीच्या कोर्टाला अधिकार आहेच. तो अर्ज सांगलीला आणायचा तर कोल्हापूर, मुंबई किंवा धारवाड यांपैकी कुठेही जाऊन उपयोग नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने उज्जैनची अशीच एक केस आपल्या मालेगावला वर्ग केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ते चुकीचं ठरवलं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दिवाणी प्रकरण हलवायचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ प्रमाणे फक्त सर्वोच्च न्यायालयाला. म्हणजे मिरज ते अथणी हे तासा-दीड तासाचं अंतर वाचवायला दिल्ली गाठायची.

माझ्या एका अशीलबाई लहान मुलीला कडेवर घेऊन तारखेला अथणीला जायच्या. तिथल्या कोर्टात मराठी समजणारी माणसं पुष्कळ, पण कामकाज कानडीत आणि इंग्रजीत. न्यायाधीश काय म्हणाले हे त्या बाहेर आल्यावर वकिलाला विचारायच्या. दिल्लीला अर्ज करूया म्हटलं तर त्यांनी पहिला प्रश्न केला, “ताई, तिकडच्या वकिलाला किती द्यावं लागंल?” तो आकडा ऐकून त्यांनी विषय सोडला. २०१९ पासून असे वर्ग करण्याचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात एकच न्यायाधीश ऐकू शकतात, ई-फायलिंग आहे, दूरदृश्य सुनावणी आहे. याने वेळ नक्की वाचला. दिल्लीतल्या वकिलाची फी मात्र कुठल्या नियमाने कमी होत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे त्याखाली आले. या मागणीसाठी आमच्या बारने वर्षानुवर्षं आंदोलनं पाहिली आहेत, आणि ते सुरू झालं त्या दिवशी अनेक जुन्या वकिलांच्या डोळ्यांत पाणी होतं. पलीकडे बेळगाव जिल्ह्यासाठी धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहेच. माझ्या प्रबंधाचा गाभा असा आहे की लगतच्या जिल्ह्यांमधली कौटुंबिक प्रकरणं हलवण्याचा अधिकार, कायद्यात दुरुस्ती करून, ज्या उच्च न्यायालयाच्या हद्दीत प्रकरण चालू आहे त्यालाच द्यावा. आक्षेप मला ठाऊक आहे: एक उच्च न्यायालय दुसऱ्याच्या हाताखालच्या कोर्टावर काम लादू शकत नाही. मान्य. मग दुसऱ्या उच्च न्यायालयाची संमती घेण्याची तरतूद करा. प्रकरण हललं तरी लागू होणारा कायदा मूळ कोर्टाचाच राहतो, हे कलम २५ मध्येच लिहिलेलं आहे, त्यामुळे कायदा निवडून कोर्ट बदलण्याची पळवाटही उरत नाही. लेकरू कडेवर घेतलेल्या बाईला दिल्लीऐवजी धारवाड किंवा कोल्हापूर मिळालं तर देशाची न्यायव्यवस्था कोसळणार नाही.

दुसरी तुटलेली जागा म्हणजे वसुली. दावा जिंकल्यावर खरी मेहनत सुरू होते, हे दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज) चालवणारा कुठलाही वकील सांगेल. त्यात प्रतिवादी पलीकडचा असेल तर समन्सपासूनच दमछाक. समन्स तिकडच्या कोर्टामार्फत बजावायचं, त्याचा शेरा कानडीत येणार, आणि कायद्याप्रमाणे त्यासोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर यायला हवं. ते नसलं की पुढची तारीख.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्याची केस सांगते. त्याने ऊसवाहतुकीची ट्रॉली अथणी तालुक्यातल्या एका वाहतूकदाराला उधारीवर बांधून दिली. पैसे आले नाहीत, दावा झाला, सांगलीत हुकूमनामा मिळाला. प्रतिवादीची जमीन, घर सगळं कर्नाटकात. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३९ (४) स्पष्ट सांगतं की हुकूमनामा देणाऱ्या कोर्टाला आपल्या हद्दीबाहेरच्या मालमत्तेवर जप्ती करता येत नाही. त्यासाठी हुकूमनामा अथणीला वर्ग करायचा: हुकूमनाम्याची नक्कल, वसुली झाली नसल्याचा दाखला, आदेशाची प्रत, मग तिथे नवा वकील आणि नवी दरखास्त. वर्कशॉपवाला कंटाळून गेला होता. बोलता बोलता तो म्हणाला की गाळप सुरू झालं की तीच ट्रॉली ऊस घेऊन आपल्याच हद्दीतल्या कारखान्यावर येते, मागच्या फळीवर अजून त्याच्या वर्कशॉपचं नाव आहे. जंगम मालमत्ता जप्तीच्या क्षणी हद्दीत असली की पुरे! आम्ही सांगलीतच दरखास्त लावून वॉरंट काढलं. बेलिफ गव्हाणीबाहेरच्या रांगेत ट्रॉलीपाशी जाऊन उभा राहिला. माणूस भाड्याने वाहतूक करणारा, त्यामुळे शेतीचं अवजार जप्त होत नाही हा बचाव टिकला नाही. काही दिवसांत त्याने पैसे कोर्टात भरले.

दर वेळी ट्रॉली अशी आपणहून येत नाही. म्हणून ज्यांच्याकडे परराज्यातल्या माणसाविरुद्धचा हुकूमनामा घरात पडून आहे त्यांना कळकळीने सांगते, तो काढा आणि त्यावरची तारीख बघा. अंमलबजावणीला मुदत बारा वर्षांची आहे. हुकूमनामा तिकडच्या कोर्टात वर्ग करावा असा नुसता अर्ज दिला म्हणून ती मुदत थांबत नाही. प्रत्यक्ष दरखास्त बारा वर्षांच्या आत दाखल झालेली लागते. वर्ग होऊन कागद पोचायलाच कित्येक महिने जातात, तेव्हा शेवटच्या वर्षाची वाट बघू नका. ज्याच्याकडून घ्यायचंय त्याच्या जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर, कर्नाटकात असेल तर तिकडचा आरटीसी उतारा (आपल्या सातबारासारखा), आणि बँकेच्या शाखेचं नाव एवढं आणलंत तर वकिलाचं निम्मं काम हलकं होतं.